धूमकेतू पाहायचा तर कोणती रात्र धरावी आणि कुठे जावं?

प्रश्न थोडक्यात असा: एक धूमकेतू तीन आठवड्यांनी सूर्याच्या सर्वांत जवळ पोहोचतोय. बातम्यांत ‘तिसऱ्या प्रतीपर्यंत उजळेल, नुसत्या डोळ्यांनी दिसेल’ असं छापून येतंय (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका लहान तितकं तेज जास्त). जवळ १० × ५० ची बायनोक्युलर आहे आणि शहराबाहेर जायला जेमतेम दोन रात्री काढता येतील. त्या कोणत्या धराव्यात आणि कुठे जावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. बातमीत दिलेली ‘सर्वांत तेजस्वी’ तारीख धरू नका. संधिप्रकाश संपत येतो त्या वेळी धूमकेतू क्षितिजापासून किमान पंधरा-वीस अंश वर असेल आणि चंद्र आकाशात नसेल, अशी पहिली रात्र शोधा. ती तुमची मुख्य रात्र. दुसरी रात्र तिच्यानंतर दोन-तीन दिवसांत ठेवा, ढगांसाठी राखीव म्हणून. जागा निवडताना धूमकेतूच्या दिशेचं क्षितिज अगदी खालपर्यंत मोकळं हवं आणि शहराचा उजेड तुमच्या पाठीशी हवा.

आता कारणं. धूमकेतू कुठे असेल आणि किती तेजस्वी असेल, अशा दोन गोष्टी आपल्याला सांगितल्या जातात. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापलेल्या असतात म्हणून सारख्याच भरवशाच्या वाटतात, पण तसं नाही. काही आठवड्यांचे वेध हाती आले की कक्षा इतकी नेमकी ठरते की महिन्याभरानंतरच्या संध्याकाळी तो कोणत्या ताऱ्याशेजारी असेल हे बिनधास्त सांगता येतं. तेजाचं तसं नसतं. ते केंद्रकातून, म्हणजे धूमकेतूच्या मधल्या बर्फाळ गोळ्यातून, किती वायू आणि धूळ सुटते यावर ठरतं, आणि ते आधीपासून कुणालाच मोजता येत नाही. तक्त्यातला आकडा एका गृहीतकावर उभा असतो. बहुतेक वेळा असं धरतात की सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं की धूमकेतू साधारण तीन प्रतींनी उजळतो, आणि पृथ्वीपासूनच्या अंतराचा फरक त्यात वेगळा मिसळतात. काही धूमकेतू हे गृहीतक पाळतात, काही नाही. ऊर्ट मेघातून, म्हणजे सूर्यमालेच्या अगदी बाहेरच्या कडेवरच्या धूमकेतूंच्या साठ्यातून, पहिल्यांदाच आत येणारे तर बऱ्याचदा चकवतात. त्यांच्या पृष्ठभागावरचे सहज उडून जाणारे बर्फ सूर्यापासून दूर असतानाच वाफ होऊ लागतात, त्यामुळे ते लवकर उजळतात, आशा वाढवतात आणि जवळ आल्यावर रेंगाळतात. १९७३ चा कोहोटेक अपेक्षेपेक्षा बराच फिका निघाला. २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विखुरलाच. उलटही घडतं. ऑक्टोबर २००७ मध्ये होम्स हा धूमकेतू सुमारे सतराव्या प्रतीवरून दोनेक दिवसांत तिसऱ्या प्रतीच्या आसपास आला, म्हणजे जवळपास पाच लाख पटींनी उजळला, आणि तोही सूर्यापासून दूर जात असताना.

म्हणून आखणी स्थानावरून करा. तेज त्या वेळी जे असेल ते पदरात पडेल.

स्थानाला एवढं वजन का द्यायचं, ते एका हिशोबानं दाखवतो. समजा, धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आहे. पहिल्या रात्री अंदाज तिसऱ्या प्रतीचा आहे, पण सूर्य क्षितिजाखाली ९ अंश गेला तेव्हा धूमकेतू फक्त ६ अंश वर आहे. आठ दिवसांनी अंदाज ४.२ प्रतीवर उतरलाय, पण आकाश पुरेसं काळं झालं तेव्हाही तो २० अंश वर आहे. बातमीला पहिली रात्र आवडेल. आता हवेचा हिशोब घाला. स्वच्छ रात्री थेट डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना साधारण पाव प्रतीनं कमी होतो. ६ अंशांवर तोच प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत सुमारे नऊपट हवेतून येतो, म्हणजे सव्वादोन प्रतींची घट. २० अंशांवर हवा साधारण तिप्पट, घट पाऊण प्रतीच्या आतबाहेर. पहिल्या रात्रीचा तिसऱ्या प्रतीचा धूमकेतू तुमच्या डोळ्यापर्यंत ५.२ चा होऊन पोहोचतो, दुसऱ्या रात्रीचा ४.२ चा सुमारे ४.९ चा. वर पहिल्या रात्री मागचं आकाश अजून उजळ आहे. सव्वा प्रतीनं फिका पडलेला धूमकेतू आठ दिवसांनी जास्त चांगला दिसतो! आणि हे स्वच्छ हवेचे आकडे आहेत. धूळ, धूर, दमटपणा असेल तर क्षितिजालगत याच्या दुप्पट घट सहज होते.

खरा दाखला २०२४ चा. सुचिन्शान–ॲटलास २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्या सुमारास तो पहाटे, दक्षिण गोलार्धातून आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांतून दिसत होता. मग तो सूर्याच्या झगमगाटात शिरला. ९ ऑक्टोबरच्या आसपास तो आपल्या आणि सूर्याच्या जवळजवळ मधे होता. त्याच्या धुळीतून सूर्यप्रकाश पुढच्या दिशेनं विखुरला आणि आकड्यात पाहिलं तर तेव्हा तो शुक्राच्या तोडीचा होता. पण तो सूर्यापासून इतका जवळ होता की सोहो अवकाशयानाच्या सूर्याला झाकणाऱ्या कॅमेऱ्यातच नीट दिसला. १२ तारखेपासून तो संध्याकाळी वर येऊ लागला, रोज आधीच्या दिवसापेक्षा स्पष्ट उंच, पण रोज थोडा फिका. १७ ला पौर्णिमा होती. त्यामुळे १२ ते १६ या काळात ठळक डोकं आणि शेपटीचा खालचा भाग अनेकांनी पाहिला. लांबवर पसरलेली पुसट शेपटी मात्र पौर्णिमा उलटल्यावर, चंद्र उगवण्याआधीच्या अंधारात खुलली. तोवर डोक्याचं तेज बरंच उतरलं होतं, तरीही.

एका धूमकेतूच्या बाबतीत अशा एकाहून जास्त संधी असतात हे ध्यानात ठेवा. सूर्याजवळ जाण्याआधीची एक, नंतरची एक, आणि दोन्हींच्या वेळा, दिशा, गोलार्धसुद्धा वेगळे असू शकतात. पहिली हुकली म्हणून वही मिटू नका.

चंद्राचा हिशोब बहुतेक जण ‘अमावास्येच्या आसपास’ एवढ्यावर सोडतात. त्यात अर्ध्या चांगल्या रात्री हातच्या जातात. संध्याकाळच्या धूमकेतूला कृष्णपक्ष चांगला. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी संधिप्रकाश संपणं आणि चंद्रोदय यांच्यामध्ये अंधाराची एक फट तयार होते आणि ती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी रुंदावत जाते. ही सोय अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीपर्यंत टिकते, कारण तेव्हाची कोर बारीक असते. पहाटेच्या धूमकेतूला शुक्लपक्ष चांगला. वाढता चंद्र पहाटेआधीच मावळतो, म्हणून द्वादशी-त्रयोदशीपर्यंतसुद्धा पहाट काळीकुट्ट मिळू शकते. पौर्णिमा चार दिवसांवर आली म्हणून पहाटेचा बेत रद्द करणारे पुष्कळ भेटतात. चंद्रास्ताची वेळ पाहिल्याशिवाय तसं करू नका.

आता तक्ता कसा वाचायचा ते. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीची ‘होरायझन्स’ ही मोफत सेवा कोणत्याही धूमकेतूचं रोजचं स्थान तुमच्या जागेपुरतं काढून देते. निरीक्षणाच्या जागेचे अक्षांश-रेखांश भरा, वेळ सूर्यास्तानंतर साधारण एक तासाची धरा आणि एकेका दिवसाच्या अंतरानं महिन्याभराचा तक्ता मागवा. त्यातले तीन स्तंभ कामाचे: उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, दिगंश, म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेली दिशा, आणि इनांतर, म्हणजे सूर्यापासूनचं कोनीय अंतर. इनांतराच्या आकड्यापुढे ‘टी’ असेल तर धूमकेतू सूर्याच्या मागून मावळतो, म्हणजे संध्याकाळी दिसेल. ‘एल’ असेल तर तो सूर्याच्या आधी उगवतो, म्हणजे पहाटे. इनांतर १५ अंशांच्या खाली असेल तर ती रात्र सरळ खोडा. अपवाद फक्त असामान्य तेजस्वी धूमकेतूंचा. जानेवारी २००७ मधला मॅकनॉट दिवसाउजेडी दिसला होता, पण असे धूमकेतू फार विरळा.

इनांतर भरपूर असलं म्हणजे उंचीही भरपूर, असं मात्र नाही. ३० अंशांचं अंतर सरळ वरच्या बाजूला असेल तर उत्तम. तेच क्षितिजाला समांतर, आडवं पसरलं असेल तर धूमकेतू सूर्याबरोबरच मावळून जाईल. हे तुमच्या अक्षांशावर, ऋतूवर आणि धूमकेतूच्या कक्षेच्या कलावर ठरतं. ग्रहांसारखे ते आयनिक वृत्ताला, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गाला, बांधलेले नसतात. जुलै २०२० मधला निओवाइज सूर्याच्या बराच उत्तरेला होता. उत्तरेकडच्या अक्षांशांवर तो एकाच तारखेला पहाटेही दिसत होता आणि संध्याकाळीही. दक्षिण गोलार्धातल्या लोकांना तो फिका पडत जाईपर्यंत थांबावं लागलं. म्हणून दुसऱ्या देशातल्या निरीक्षकाचा ‘काल मस्त दिसला’ हा निरोप वाचला की आधी तो कोणत्या अक्षांशावर आहे ते बघा.

स्टेलेरियमसारखं ॲप वापरणार असाल तर धूमकेतूचे कक्षामूल्यांक, म्हणजे त्याची कक्षा ठरवणारे आकडे, ताजे करून घ्या. जुन्या मूल्यांकांवर ॲप आत्मविश्वासानं चुकीची जागा दाखवतं आणि तुम्ही तासभर रिकामं आकाश चाळत बसता. एकदा ॲपमधलं आणि होरायझन्समधलं स्थान ताडून पाहा. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ॲपवर विसंबू नका. तारखेचाही घोळ होतो. तक्ते जागतिक वेळेत (ग्रिनिचच्या वेळेत) असतात, आणि ‘१२ तारखेची पहाट’ म्हणजे ११ ची रात्र संपतानाची, हे बरोबरच्या मंडळींना आधीच स्पष्ट सांगा.

जागेबद्दल. ‘अंधारी जागा’ एवढं पुरत नाही, अंधार कोणत्या बाजूला आहे ते महत्त्वाचं. धूमकेतू पश्चिमेला असेल तर शहराच्या पश्चिमेला जा. शहराचा उजेडाचा घुमट मग पूर्वेला, पाठीमागे राहतो आणि समोर काळोख मिळतो. नेहमीची आवडती जागा शहराच्या पूर्वेला असेल तर या वेळी ती उपयोगाची नाही, कितीही अंधारी असली तरी. धूमकेतू डोक्याकडे, ४०-५० अंशांवर असेल तर दिशेचा प्रश्न राहत नाही. तेव्हा एकूण अंधार मोजायचा.

जागा दिवसा पाहून या, शक्य तर सूर्यास्ताच्या वेळी. हात सरळ पुढे ताणून मूठ आडवी धरली की ती साधारण १० अंश भरते, मधली तीन बोटं ५ अंश, करंगळी १ अंश. समोरच्या झाडांची रांग क्षितिजापासून मुठीइतकी वर येत असेल तर दहा अंशांखालचं सगळं गेलं असं समजा. दिव्यांचे खांब, मोबाइलचे मनोरे, रस्त्यावरून समोर येणाऱ्या गाड्यांचे झोत, हे दिवसाच हेरून ठेवा. थोडी उंच जागा मिळाली तर फायदा होतो, कारण धुळीचा दाट थर खालीच राहतो. पाणवठ्याच्या काठावर क्षितिज झकास मोकळं मिळतं, पण भिंगांवर दव लवकर बसतं. तिथे जायचं तर बायनोक्युलर वापरात नसताना झाकून ठेवा.

प्रत्यक्ष संध्याकाळ अशी घालवा. सूर्यास्ताच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा. सूर्य जिथे टेकतो ती जागा क्षितिजावरच्या एखाद्या खुणेशी जुळवून ठेवा. तक्त्यात सूर्यास्ताच्या वेळचे सूर्याचे दिगंश २६० आणि निरीक्षणाच्या वेळचे धूमकेतूचे २७५ असतील तर तो त्या खुणेच्या उजवीकडे दीड मूठ. उन्नतांश १८ असेल तर तिथून वर जवळपास दोन मुठी. हा चौकोन डोळ्यांत भरून ठेवला की कंपास लागत नाही. सूर्य पुरता बुडेपर्यंत बायनोक्युलर डोळ्याला लावायची नाही. हा नियम मुलं बरोबर असतील तर दुप्पट कडक. पहाटेच्या निरीक्षणात हेच उलट: सूर्योदयाच्या वेळेआधी पंधरा मिनिटं बायनोक्युलर पिशवीत.

मग एखादा ठळक तारा किंवा ग्रह पकडून फोकस अगदी टोकदार करा. फोकस जरासा सुटला तरी धूमकेतूचा पुसट डाग आकाशात विरघळतो. सूर्य १२ अंश खाली जायला विषुववृत्ताजवळ साधारण पन्नास मिनिटं लागतात. ५० अंश अक्षांशावर संपातकाळातही (दिवस-रात्र समान असतात तेव्हा) सव्वा तास, उन्हाळ्यात त्याहून बराच जास्त. या वेळेत दर पाच मिनिटांनी ठरवलेला चौकोन सावकाश, आडव्या पट्ट्यांनी चाळा. १० × ५० मध्ये एका वेळी साधारण सहा-साडेसहा अंशांचं आकाश दिसतं, म्हणजे तीन-चार पट्ट्यांत काम होतं. आकाश उजळ असताना आधी बायनोक्युलरमध्ये सापडतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी तिथेच नुसत्या डोळ्यांना जाणवतो, असा अनुभव बहुतेक वेळा येतो. एकदा जागा कळली की थेट न पाहता किंचित बाजूला नजर टाका, पुसट भाग जास्त उठून दिसतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा पडदा एका क्षणात ते घालवतो. टॉर्चला लाल कागद लावा आणि फोन उलटा ठेवा.

काय दिसेल याची कल्पना आधीच नीट करून घ्या, कारण निराशा बहुधा इथूनच येते. धूमकेतूची ‘चौथी प्रत’ म्हणजे त्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर होणारं तेज. तोच प्रकाश मोठ्या डागात पसरला की डाग फिका दिसतो. १६ डिसेंबर २०१८ ला विर्तानेन पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवरून गेला. आकड्यात तो चौथ्या प्रतीच्या जवळपास होता, पण डोक्याभोवतीचं वायूचं आवरण पूर्ण चंद्रबिंबाहून मोठं पसरलेलं होतं. अंधाऱ्या जागेवरून तो सहज दिसला, शहरातून कित्येकांना बायनोक्युलरनंही नाही. म्हणून निरीक्षकांच्या नोंदींत तेजाबरोबर संघननाचा आकडा बघत जा. तो ० ते ९ असा असतो. ० म्हणजे सपाट पसरलेला डाग, ९ म्हणजे ताऱ्यासारखा टोकदार. तेज तेच, पण संघनन ७ असेल तर शहराच्या कडेवरूनही भागतं. २-३ असेल तर दूर जायलाच हवं. छायाचित्रांतला हिरवा रंग कार्बनच्या रेणूंचा असतो. डोळ्याला इतक्या मंद प्रकाशात रंग कळत नाही, करडा डागच दिसणार. आणि त्या करड्या डागातून, शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे संध्याकाळी क्षितिजापासून वर आणि बहुधा थोडी तिरकी निघालेली जाणवली की फोटोची आठवणही राहत नाही.

फोटो काढायचाच असेल तर फोन ट्रायपॉडवर लावा, नाइट मोड आणि टायमर वापरा. पण आधी डोळ्यांनी पाहून घ्या.

आता तुमच्या दोन रात्रींचा शेवटचा निर्णय. आज तक्त्यावरून मुख्य रात्र आणि राखीव रात्र पक्की करा, सुट्टी मागा, जागा पाहून या. निघण्याआधी तीन-चार दिवस प्रत्यक्ष तेज तपासा. ‘कॉब्स’ या जागतिक नोंदसंग्रहात जगभरचे निरीक्षक रोज अंदाज नोंदवतात. नोंदी भाकिताच्या आसपास असतील तर बेत तसाच ठेवा. एक-दीड प्रतीनं खाली असतील तर जास्त लांब, जास्त अंधाऱ्या जागी जा आणि संधिप्रकाश पूर्ण संपल्यावरही धूमकेतू वर असेल अशा रात्रीकडे सरका, भले ती चार दिवस उशिराची असो. डोकं लांबट होऊन मधला ठळक ठिपका नाहीसा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या, तर केंद्रक फुटत असण्याची शक्यता मोठी. एप्रिल २०२० मध्ये ॲटलास नावाच्या एका धूमकेतूचं असंच झालं होतं. मग राखीव रात्र वापरू नका, शक्य तितक्या लवकरची स्वच्छ रात्र धरा.

आणि नोंद ठेवा: जागतिक वेळ, उंची, शेपटीची दिशा आणि मुठीनं मोजलेली लांबी, जवळपास दिसलेला सर्वांत मंद तारा. तेजाचा अंदाज काढायचा तर धूमकेतूचं रूप मनात धरून ओळखीचे दोन-तीन तारे तेवढ्याच आकाराचे होईपर्यंत फोकसबाहेर काढा आणि तुलना करा. तारे धूमकेतूच्या जवळपास त्याच उंचीवरचे निवडा, म्हणजे हवेनं खाल्लेला प्रकाश दोघांचा सारखाच धरता येतो. धूमकेतू दिसला नाही तरी ‘अमुक प्रतीचा तारा दिसत होता, धूमकेतू नव्हता’ असं लिहून ठेवा. त्या रात्री तो निदान किती फिका होता हे त्यातून कळतं, आणि राखीव रात्री किती दूर जायचं हे ठरवायला तीच नोंद कामी येते.